टप कापलेली की जन्माची उघडी?

या वेळी वाचकांचे सगळे प्रश्न उघड्या गाड्यांचेच आलेत, काय योगायोग म्हणायचा कळेना, पावसाळा संपत आला की बेळगावकडच्या लोकांना टप नसलेल्या गाडीची हौस येते बहुतेक. पहिलं पत्र मोठं आहे, उत्तर त्याहून मोठं होणार, मधले थोडक्यात उरकतो.

प्रश्न : काका नमस्कार. मी शहापूर, बेळगावचा, उद्यमबागेत सीएनसी मशीनवर कामाला आहे. जुन्या गाड्यांचं वेड लहानपणापासनं, पण आजपर्यंत नुसतं बघणंच. गेल्या आठवड्यात जांबोटीच्या अलीकडे एका शेतातल्या शेडमध्ये हेराल्ड कन्व्हर्टिबल (घडी होणाऱ्या कापडी टपाची, म्हणजे हूडची गाडी) बघितली. लाल रंग एकदम ताजा, क्रोम चकाचक, सीट नवीन रेक्झिनचे. मालक म्हणतात ओरिजिनल इंग्लंडची, १९६४ ची, साडेसहा लाख सांगतात. सुरू करून दाखवली, आवाज मस्त, शेडमधल्या शेडमध्ये पुढंमागं केली. आरसी कोल्हापूरला भावाकडं आहे म्हणे. हूड लावून दाखवा म्हटलं तर मागं कोंबडी अंड्यावर बसलीय, आत्ता उठवत नाही, नंतर बघा म्हणाले (खरंच बसली होती, शेजारीच त्यांचं खुराडं आहे, कसल्यातरी गोल पत्र्याखाली, खिडकीतनं बाकीच्या कोंबड्या डोकी काढून आमच्याकडंच बघत होत्या). चेसिस बघायला खाली वाकलो तर सगळं तांबड्या मातीनं लिंपलेलं, काही कळलं नाही. बायको म्हणते त्या पैशात चांगली स्विफ्ट येते. रविवारी परत जाणार आहे, काय बघू आणि कसं बघू ते सांगा.

उत्तर : अहो दादा, वहिनींचं बरोबर आहे, पण तुम्ही ऐकणार नाही हे त्यांनाही माहीत असणार, म्हणून पुढं बोलूया.

आधी ही गाडी काय चीज आहे ते समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतंय. हेराल्ड इंग्लंडात स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनं १९५९ मध्ये काढली, डिझाइन मिकेलोत्ती नावाच्या इटालियन माणसाचं. त्या काळात बाकीचे बरेच जण चेसिस नसलेल्या, एकसंध बॉडीच्या गाड्यांकडं वळत होते आणि ह्यांनी मात्र खाली वेगळी चेसिस ठेवली आणि वर बॉडीचे तुकडे बोल्टांनी बसवले. बॉनेट म्हणजे दोन्ही मडगार्डांसकट गाडीचं पुढचं तोंडच उलटतं आणि पुढच्या टायरवर बसून इंजिनचं काम करता येतं, मी चहा पीत पीत केलंय. तसाच टपसुद्धा बोल्टांनीच बसवलेला, समोर काचेच्या फ्रेमला आणि मागं बॉडीला. १९६१ पासनं मद्रासला हीच गाडी स्टँडर्ड हेराल्ड नावानं निघायला लागली, पुढं तिथं चार दरवाजांचीही काढली, जी इंग्लंडात कधीच नव्हती.

आता मेख इथंच आहे. टप बोल्टांचा म्हटल्यावर मद्रासची साधी टपवाली गाडी घ्यायची, टप उतरवायचा, वर कापड टाकायचं आणि "इंग्लंडची कन्व्हर्टिबल" म्हणून विकायची, हे चांगल्या मेकॅनिकला एका दुपारचं काम. आमच्या तरुणपणी बेळगावात ज्या हेराल्ड फिरायच्या त्या सगळ्या मी बघितलेल्या टपवाल्याच. म्हणजे तुमची गाडी खोटीच असं मी म्हणत नाही, पण पहिला प्रश्न गाडी चांगली आहे का हा नाहीच, गाडी उघडी जन्माला आली की नंतर उघडी केली हा आहे.

तो कसा सोडवायचा? आरसी. भावाकडं असो नाहीतर मेहुण्याकडं, फोटो मागवा. मेकमध्ये, म्हणजे कंपनीच्या रकान्यात, ट्रायम्फ लिहिलंय की स्टँडर्ड ते बघा आणि बॉडीच्या रकान्यात काय लिहिलंय ते बघा. सलून, म्हणजे टपवाली बंद गाडी, लिहिलं असेल तर गोष्ट तिथंच संपली. मग बॉनेट उघडून आतल्या भिंतीवरची नंबरची प्लेट बघा, इंग्लंडच्या कन्व्हर्टिबलच्या नंबराच्या शेवटी सीव्ही अशी अक्षरं असतात. प्लेट नसेल, किंवा प्लेट जुनी आणि रिव्हेट नवेकोरे असतील, तर समजून जा. मागचा सीट बघा. कंपनीच्या कन्व्हर्टिबलला हूडचा सांगाडा दोन्ही बाजूंना घडी होऊन बसतो म्हणून मागचा सीट टपवाल्या गाडीपेक्षा अरुंद असतो. समोरच्या काचेच्या फ्रेमवर हूड अडकवायच्या खाचा असतात, त्या कंपनीच्या आहेत की लेथवर बनवून स्क्रूनं मारल्यात हे तुमच्यासारख्या सीएनसीवाल्याला मी काय सांगू. आणि कोंबडीला उठवल्याशिवाय ह्यातलं अर्धं दिसणार नाही. अंड्यावर बसलेल्या कोंबडीला उठवू नये हे मलाही मान्य आहे, पण कोंबडी एकवीस दिवस बसते, वर्षभर नाही, तेवढं थांबा.

आता पत्रा. उघड्या गाडीला वरनं आधार नसतो, सगळा भार चेसिसवर, म्हणून टपवाल्या गाडीत जो गंज पाच वर्षं दडून राहील तो ह्या गाडीत पहिल्या खड्ड्यात बोलतो. हेराल्डची चेसिस म्हणजे माशाचा काटा समजा, मध्ये दोन मुख्य दांडे, त्यातनं बाजूला फाटे निघालेले, त्यांना आउटरिगर म्हणतात, आणि ह्या फाट्यांच्या टोकांवर बॉडी बसलेली. हे फाटे आतनं पोकळ. चाकानं उडवलेली माती आत जाते, पाणी आत जातं, बाहेर यायला वाट नाही, मग आतनं कुजतात आणि बाहेरनं रंग छान दिसतो. आता तुमच्या जांबोटीकडची तांबडी माती आणि गंज, दोघांचा रंग एकच! म्हणून तुम्हाला काही कळलं नाही, मलाही कळलं नसतं. गाडी पाण्याच्या प्रेशरनं खालनं धुवायला लावा, मालक नको म्हणाला तर तेच उत्तर समजा. धुतल्यावर मालकाला विचारून जाड स्क्रू ड्रायव्हरचं टोक ह्या फाट्यांवर दाबा, ठोकायचं नाही, अंगठ्याच्या जोरानं दाबायचं. ड्रायव्हरच्या पायाखालचा पुढचा फाटा, मागच्या सीटखालचा, आणि डिकीखालचे. टणक लागलं तर बरं, पापडासारखं कुरकुरलं तर वाईट. वेल्डिंग दिसलं म्हणून घाबरू नका, ६० वर्षांच्या गाडीला वेल्डिंग असणारच, फक्त ते सलग आहे की ठिगळावर ठिगळ आहे ते बघा. आणि खाली नवीन काळं डांबर फासलेलं असेल तर ते का फासलंय हा प्रश्न विचाराच. जुनं इंजिन ऑइल माखलेली गाडी मात्र दिसायला घाण असली तरी मला आवडते, आमच्याकडचे जुने ड्रायव्हर मुद्दाम मारायचे, त्यानं पत्रा वाचतो.

डांबरावरनं आठवलं, ९६ साली मी स्वतः असाच फसलोय. गोव्यातनं एक हेराल्ड आणली, विकणाऱ्यानं कॉफी पाजली, पेढे दिले, गाडी आरशासारखी. अनमोड घाट चढून वर आलो, लोंढ्याला चहाला थांबलो, डावा दरवाजा उघडला तो परत बंदच होईना. लॉक खाली आणि कडी वर. दोरीनं बांधून बेळगावला आलो. दुसऱ्या दिवशी गाडी वर घेतली, आमचा वेल्डर कन्नड माणूस, कमी बोलणारा, त्यानं हातोडीनं फाट्यावर नुसतं टक केलं आणि म्हणाला, "सर, केळगे नोडरी." खाली बघितलं तर फाट्यातनं सिमेंटचा चुरा पडत होता. पत्रा संपलेला, आत सिमेंट भरून वरनं डांबर! लोखंडाचा आवाज आणि सिमेंटचा आवाज वेगळा येतो हे मी त्या दिवशी शिकलो, फी जरा जास्त पडली एवढंच.

म्हणून दरवाजे. जुनं जाड पाच रुपयांचं नाणं खिशात ठेवा. दरवाजा बंद करून मागच्या कडेच्या फटीत ते नाणं वरनं खाली सरकवत न्या. वरती सैल जातंय आणि खाली अडकतंय, किंवा उलटं, म्हणजे फट पाचरीसारखी झालीय, गाडी मध्ये बसलीय. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, हेराल्डच्या फटी कंपनीतनंसुद्धा काही फार एकसारख्या नव्हत्या, बोल्टांची गाडी आहे, कुठं जास्त कुठं कमी चालायचंच. पण सगळीकडं जास्त असणं वेगळं आणि वर जास्त खाली कमी असणं वेगळं. नंतर दोन वजनदार मित्र पुढच्या सीटवर बसवा आणि दरवाजा परत उघडून लावून बघा. आधी टक्कन लागणारा दरवाजा आता उचलून लावावा लागत असेल तर बाकी काही बघायची गरज नाही, मित्रांना जेवायला घाला आणि घरी या.

लोहचुंबक घेऊन जा, मऊ कपड्यात गुंडाळून, नाहीतर रंगावर ओरखडे आले म्हणून भांडण. दरवाजाखालची पट्टी, मागच्या चाकावरची कमान, डिकीचा तळ. जिथं चुंबक धरत नाही तिथं पुट्टी आहे. पायाखालची रबरं उचला, स्टेपनी बाहेर काढून तिचा खड्डा बघा, तिथं पाणी साचतं. बॅटरीखालचा पत्राही बघा, ॲसिडनं खातो.

आता एक गोष्ट जी कोणीच बघत नाही आणि जिच्यामुळं जीव जाऊ शकतो. ह्या गाडीच्या पुढच्या चाकाचा जो उभा लिंक आहे त्याचं खालचं टोक आट्यांनी एका ब्राँझच्या ठोकळ्यात बसतं, त्याला ट्रनियन म्हणतात, स्टेअरिंग फिरवलं की ते त्या आट्यांवर फिरतं. त्याला ९० नंबरचं गिअर ऑइल लागतं. ऑइल, ग्रीस नाही! पण आपल्याकडं निप्पल दिसलं की पोरगं ग्रीसगन लावतंच. ग्रीस आट्यांच्या आत पोचत नाही, पाणी पोचतं, आटे गंजतात, लिंक घट्ट होतो आणि एक दिवस वळताना तुटतो, चाक आडवं होऊन गाडीखाली जातं. तर पुढची बाजू जॅकवर घ्या, चाक हातानं डावीउजवीकडं फिरवा, जड वाटतंय का, खडखडतंय का बघा, आणि मालकाला सहज विचारा, ह्याला काय घालता तुम्ही. ग्रीस म्हणाला तर दोन्ही लिंक काढून आटे बघितल्याशिवाय त्या गाडीत पोरांना बसवू नका. मागचं मात्र वेगळं, मागं एकच आडवा पाटा आणि दोन्ही ॲक्सल झुलते. जॅकवरनं खाली घेतल्यावर मागची चाकं वाकडी, आत दुमडलेली दिसतील, ते बिघाड नाही, दहा फूट ढकला की सरळ होतात. वळणावर जोरात मारून मध्येच ब्रेक दाबला तर हीच चाकं दुमडायला बघतात, तेव्हा चोर्ला घाटात शहाणपणा नको.

इंजिनचा आवाज मस्त आहे म्हणालात. गरम इंजिनचा आवाज सगळ्यांचाच मस्त. रविवारी गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा, कोमट लागलं तर तुमच्या यायच्या आधी सुरू करून ठेवलंय, मग गप्पा मारत दोन तास बसा आणि थंड झाल्यावर सुरू करायला लावा. त्याआधी, इंजिन बंद असताना, मित्राला क्लच दाबून सोडायला सांगा आणि तुम्ही पुढं बसून क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीकडं बघत राहा. क्लचबरोबर पुली डोळ्याला दिसेल एवढी पुढंमागं हलली तर क्रँकला पुढंमागं सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेलेत, ह्या इंजिनची ती जुनी खोड आहे, वॉशर खाली पडले की क्रँक ब्लॉकलाच खातो. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर न करकरता बसवणारी रिंग) नाही, तो चालू गाडीत कर्रर्र करणारच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, पण दुसरा, तिसरा करकरतोय का आणि पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटतोय का ते रस्त्यावर बघा. शेडमधल्या शेडमध्ये पुढंमागं करणं म्हणजे काही चालवणं नव्हे. निदान खानापूरपर्यंत न्या.

आणि खरं सांगू, इंजिनची एवढी भीती नको. तुम्ही उद्यमबागेत काम करता, फाउंड्री आणि लेथच्या गावात राहता, क्रँक घासून मिळेल, बुश बनवून मिळेल, काहीच अडणार नाही. चेसिसचे फाटेसुद्धा नवीन बनवता येतात. अडतं ते हूडच्या सांगाड्याला, काचेच्या फ्रेमवरच्या हूडच्या खाचांना, ज्या गोष्टी फक्त कन्व्हर्टिबललाच असतात आणि ज्यांचे तुम्ही साडेसहा लाख देताय.

प्रश्न : वडिलांची १९६९ ची उघडी जीप आहे, कंपनीतनंच उघडी. व्हिंटेजचा नवा नंबर मिळतो म्हणतात, तो घेतला तर रोज चिकोडी ते निपाणी दुकानाला जाऊ शकतो का?

उत्तर : नाही. २०२१ मध्ये केंद्रानं मोटार नियमांत ही व्हिंटेजची तरतूद घातली, पहिल्या नोंदणीपासनं ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात असलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नंबर राज्याचा कोड, मग व्हीए, मग दोन अक्षरं आणि चार आकडे असा येतो. फी २० हजार, मुदत १० वर्षं, नंतर नूतनीकरणाला ५ हजार. पण तो नंबर घेतला की गाडी फक्त प्रदर्शनाला, व्हिंटेज रॅलीला, पेट्रोल भरायला आणि दुरुस्तीला काढायची, रोजच्या कामाला नाही. तुम्हाला दुकानालाच जायचं असेल तर साधी आरसी रिन्यू करत राहा. आणि मूळ रूप म्हणजे मूळ रूप. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला असेल तर अर्ज अडकतो. जीपांत डिझेल इंजिन बसवायची आमच्याकडं किती फॅशन होती माहीत आहे ना, तेव्हा आधी बॉनेट उघडून वडिलांना विचारा.

प्रश्न : खानापूरला राहतो, पाऊस तुम्हाला माहीतच आहे. गाडीचं रेक्झिनचं हूड दर वर्षी बुरशीनं काळं पडतं आणि मागची प्लास्टिकची खिडकी पिवळी, काय करू?

उत्तर : ओलं हूड घडी करायचं नाही, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं. जून ते सप्टेंबर हूड लावलेलंच ठेवा, ताणलेलं राहू द्या, रेक्झिन घडीत राहिलं की आखडतं आणि मग डिसेंबरच्या थंडीत ओढून लावायला गेलात की शिवण फाटते, तेव्हा आधी अर्धा तास उन्हात ठेवा. ताडपत्रीनं गाडी गच्च बांधू नका, आतली वाफ आतच राहते, त्यापेक्षा शेडमध्ये नुसती उभी केलेली बरी. काळं पडलेलं कोमट पाणी, साधा साबण आणि मऊ ब्रश, बस. पिवळी पडलेली खिडकी परत आरपार स्वच्छ होत नाही, नवीन शिवून घ्या, जीपची हूडं शिवणारा कोणीही करून देईल. घडी करताना खिडकीच्या दोन्ही बाजूंना जुनं सुती लुगडं घाला.

प्रश्न : भाऊ, मी निपाणीची. आमच्या सासऱ्यांची १९६६ ची फियाट ११०० घरी आहे, ते गेले, आता विकायची आहे. एक जण म्हणाले, वहिनी तुम्ही असं करा, टप कापून घ्या, आम्ही करून देतो, उघडी केली की लग्नाला भाड्यानं जाते, दुप्पट पैसे येतील. कापून घेऊ का?

उत्तर : वहिनी, त्या माणसाला चहासुद्धा देऊ नका. वरच्या पत्रात हेराल्डचं सांगितलं, तिला खाली वेगळी चेसिस आहे म्हणून टप काढला तरी गाडी उभी राहते. फियाटचं तसं नाही, ॲम्बेसिडरचंही नाही. ह्या गाड्यांना चेसिसच नाही, बॉडी हीच चेसिस, आणि टप हा त्या बॉडीचा अर्धा जोर. चपलेच्या खोक्याचं झाकण काढून खोका पिळून बघा, काय होतं ते लगेच कळेल. टप कापला की चार महिन्यांत दरवाजे अडकायला लागतात, मग ते आतनं पाइप टाकून वेल्डिंग करतात, मग गाडी जड होते, आणि आतमध्ये नवरा-नवरी बसलेले. वर कायद्यानं आरसीत आहे त्यापेक्षा गाडीचं रूप असं बदलता येत नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे, आणि पकडलं तर नाव तुमच्या घरचं. शिवाय ५० वर्षांवरची, टप शाबूत असलेली फियाट व्हिंटेज नंबरला बसते, कापलेली नाही, म्हणजे दुप्पट तर सोडाच, आहे ते गिऱ्हाईक पण जाईल.

आहे तशी विका. आधी आरसी सासऱ्यांच्या नावावरनं वारसाच्या नावावर करून घ्या, मग विक्री. गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून देऊ नका, कितीही ओळखीचा असला तरी. धुऊन ठेवा, पण नवीन रंग मारू नका, जुना रंग बघून जाणत्या गिऱ्हाइकाला पत्रा खरा कळतो, नव्या रंगाखाली काय आहे ह्याचा संशय येतो. सासऱ्यांनी ठेवलेली सर्व्हिसची बिलं, जुनी इन्शुरन्सची कागदं, टूलकिट, जॅक, सगळं एका पिशवीत घालून गाडीबरोबर द्या. त्या पिशवीला किंमत असते.

आणि परत पहिलेच वाचक : काका, रविवारी जाऊन आलो. तुम्ही फोनवर सांगितल्याप्रमाणं सगळं केलं. धुतली. डावीकडच्या पुढच्या फाट्यात स्क्रू ड्रायव्हर आत गेला, बाकीचे टणक. नाणं डाव्या दरवाजाला वर सैल, खाली अडकलं, उजवीकडं सारखं. क्लच दाबल्यावर पुली हलली नाही. ट्रनियनला ग्रीसच घालतात म्हणाले. आरसीचा फोटो आला, मेक स्टँडर्ड, बॉडी सलून. पिल्लं निघाली म्हणून हूड पण लावून बघितलं, जीपच्या पाइपचा सांगाडा आहे, मागच्या बॉडीला ड्रिल मारून बसवलाय. काचेच्या फ्रेमवर कापल्याची खूण नाही, बोल्टची भोकं मात्र पुट्टीनं बुजवलीत. मालक आता साडेचार लाखांवर आलेत आणि म्हणतात इंग्लंडचं मी ऐकीव सांगितलं होतं. मन अजून गाडीतच आहे. घेऊ का?

उत्तर : अहो, हे तर मला वाटलं होतं त्यापेक्षा बरं निघालं! एक फाटा कुजलाय, तो नवीन टाकला आणि टाकताना दरवाजा नाण्यावर धरून सरळ केला की डावी बाजू परत येईल, वेल्डर मी देतो. ट्रनियनचे लिंक खोलायचे म्हणजे खोलायचेच. इंजिन ठीक. पण ही मद्रासची टपवाली हेराल्ड आहे आणि भाव तिचाच द्यायचा, कन्व्हर्टिबलचा एक रुपया नाही, साडेचार पण जास्तच आहेत, फाटा, लिंक आणि मागच्या बॉडीची भोकं बुजवायचा खर्च काढून बोला. आणि उघडी आहे तोवर आरसी आणि गाडी जुळत नाही, पासिंगला अडणार, व्हिंटेजला अडणार. टप परत बसला की दोन्ही मार्गी, तीन-चार माणसं आणि पाने लागतील, बाकी काही नाही.

टप कुठनं आणायचा म्हणाल. ज्याअर्थी फ्रेम कापलेली नाही त्याअर्थी टप बोल्ट काढून उतरवलाय, आणि शेतकरी माणूस एवढा मोठा चांगला पत्रा भंगारात देत नाही. तुमचं पहिलं पत्र मी परत वाचलं. त्यात तुम्ही लिहिलंय खुराडं कसल्यातरी गोल पत्र्याखाली आहे आणि कोंबड्या खिडकीतनं डोकी काढतात. खुराड्याला खिडकी कोण ठेवतं हो? पुढच्या वेळी दाणे टाकायच्या निमित्तानं जवळ जा, त्या पत्र्याच्या कडेवरनं हात फिरवा, बोल्टची भोकं लागली तर तोंडातनं शब्द काढू नका, गाडीचा भाव ठरवून टाका आणि सगळं झाल्यावर सहज विचारा, मामा, ह्या खुराड्याला मी नवीन पत्रा आणून दिला तर चालेल का.